निकष आधी, नावे नंतर

राष्ट्रीय क्रिकेट संघ जाहीर झाला, की दादर-परळच्या चाळींत आणि गिरगावच्या वाड्यांत घरोघरी निवड समिती बसते. याला का घेतले, त्याला का वगळले, यावर चहा निवेपर्यंत वाद रंगतो. रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही तोच विषय निघतो आणि तेथे हमखास एक प्रश्न येतो : 'आपल्यांपैकी कोण आहे?' आम्हांला प्रथम या प्रश्नाचाच समाचार घ्यावयाचा आहे.

मरीन लाइन्सच्या समुद्रासमोर हिंदू, इस्लाम, पारशी आणि कॅथलिक असे जिमखाने आजही उभे आहेत. मुंबईचे क्रिकेट एके काळी असेच धर्मांत वाटलेले होते. 1911 साली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघातील जागाही पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा वाटून दिल्या गेल्या. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या पळवणकर बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद जातीपायी कधीच लाभले नाही. 1937 साली चौरंगी स्पर्धा पंचरंगी झाली, तेव्हा भारतीय ख्रिस्ती खेळाडूंना जागा मिळाली ती 'इतर' नावाच्या संघात. सांगलीचे विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती त्याच संघातून खेळत. 1943 साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'इतरां'च्या दुसऱ्या डावातील 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही संघ एक डाव आणि 61 धावांनी हरला. ही स्पर्धा 1946 साली कायमची थांबली. पुढे 1952 साली मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. 'इतर' म्हणून मोजल्या गेलेल्या समाजाने तरी माणसे धर्मावर मोजू नयेत.

मग गुणांवर निवड करा, असे म्हटले की प्रश्न सुटतो काय? तसे झाले असते, तर शिवाजी पार्कच्या मैदानाला पद्माकर शिवलकरांची हळहळ वाटली नसती. या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले. तमिळनाडूचे डाव 80 आणि 61 धावांत आटोपले. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचे बळी तर 750. दोघांपैकी एकालाही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. 2017 साली मंडळाने दोघांना जीवनगौरव दिला. शिवलकर मार्च 2025 मध्ये निवर्तले.

यावर ठरलेले उत्तर आहे : 'त्या काळी बिशनसिंग बेदी होते.' होते, आणि त्यांची थोरवी आम्हांला मान्य आहे. बेदींना वगळून शिवलकरांना घ्यावयास हवे होते, असा आमचा हट्टही नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. 'त्याच्या नशिबात नव्हते,' असे म्हणून आपण निवडकर्त्यांचा निर्णय दैवाच्या नावे मांडतो. दैव संघ निवडीत नाही, माणसे निवडतात. माणसांच्या निर्णयाला कारण असते, आणि असलेले कारण सांगता आले पाहिजे.

येथे आम्हांला 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा पहिला अध्याय आठवतो. यहूदाची जागा रिकामी झाली. पेत्राने आधी निकष सांगितला : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो आपल्या संगतीत होता, त्यांपैकीच एक हवा. मग योसेफ बर्सब्बा आणि मत्थिया ही नावे पुढे आली, प्रार्थना झाली आणि शेवटी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. परंतु न निवडलेल्या योसेफाचे नावही ग्रंथात राहिले. कोणत्या मोजमापाने आपल्याला तोलले, हे त्याला ठाऊक होते. निकष आधी, नावे नंतर. एवढीच आमची मागणी आहे.

कोणी म्हणेल, की निवड हे पारख्याच्या नजरेचे काम आहे, बेरजेचे नव्हे. कबूल. परंतु ज्याची नजर, त्याला जीभही असावी. 2025 च्या महिला विश्वचषकात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळून एक गोलंदाज वाढविण्यात आला. निर्णय कोणास पटो वा न पटो, कारण उघड दिसत होते. त्याच जेमिमाने उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या. त्या विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत 11,167 धावा काढूनही भारताकडून एकही सामना न खेळलेले. हा गोड शेवट पाहून 'अखेर न्याय झाला' असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. प्रशिक्षकपद त्यांनी आपल्या गुणांनी मिळविले. खेळाडू म्हणून न मिळालेल्या उत्तराची ती भरपाई नव्हे.

म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच निवड समितीने जाहीर करावे, की देशांतर्गत कामगिरीला किती वजन, वयाला किती, तंदुरुस्तीला किती. आणि जो वर्षानुवर्षे धावांचा वा बळींचा डोंगर रचूनही बाहेर राहतो, त्याला समितीने कारण सांगावे.

आणि हे सारे केवळ इतरांना ऐकवून भागणार नाही. आमच्या धर्मग्रामातील फुटबॉलचा संघ कसा निवडला जातो? गायनवृंदात एकट्याने गाण्याचा मान कोणाला मिळतो? पॅरिश कौन्सिलवर त्याच चार घरांतली नावे का येतात? मैदानावर दर संध्याकाळी येणारा, पण कधीच न घेतला गेलेला एखादा मुलगा प्रत्येक धर्मग्रामात असतो. त्याला 'पुढच्या वर्षी बघू' असे सांगणारे आपणच असतो. राष्ट्रीय निवड समितीकडे कारण मागण्याचा आपला अधिकार, त्या मुलाला आपण कारण सांगू त्या दिवशी सुरू होईल.