सेल्फला दोष देण्याआधी

मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, वाफसा आलेला असतो, बियाणं-खत ट्रॉलीत भरून तयार असतं आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. चार माणसं जमतात. पाचवा येऊन सांगतो, “सेल्फ गेला.” आणि सहावा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन चाकाजवळ वाकतो. मला या पाचव्या आणि सहाव्याबद्दल बोलायचं आहे.

पाचव्याचं मी एकदा ऐकलं होतं. तालुक्याला जाऊन नवा सेल्फ आणला, बसवला, किल्ली फिरवली, तर पुन्हा ‘टक्’. शेवटी सापडलं काय? बॅटरीची अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे आवळलेली असते, तिथे गंज. एक पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर भागणारं काम. बसवलेला सेल्फ दुकानदाराने परत घेतला नाही; मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतला नसता.

म्हणून आधी कान द्या. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फ बिचारा आपलं काम करतोय. डिझेल, फिल्टर, लाइनमधली हवा बघा. ‘टक्-टक्-टक्’ असा भराभर आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल सैल. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, क्लचखालचा स्विच आणि सोलेनॉइडला येणारी बारीक वायर तपासा. सेल्फ नुसता ‘घूंऽऽ’ करून मोकळा फिरतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. आणि एकच दणकट ‘टक्’ आला तर हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवा. लाइट एकदम मंदावले तर बहुधा बॅटरी किंवा तिची जोडणी, क्वचित जाम झालेला सेल्फ. लाइट होते तसेच राहिले, तर संशय सेल्फवर: सोलेनॉइडचे तांब्याचे पॉइंट जळालेत किंवा कार्बन संपलेत.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, निदान नंतर. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर पहिली शंका बॅटरीची घ्या. मग जोडण्या. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरलेला, आणि सीटवर माणूस बसलेला. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लिपवर नाही, खुंटीवर) आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावा, बाजूला व्हा आणि त्याला सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवतो म्हणजे अर्थिंगमध्येच करंट अडतोय. प्लसच्या जाड केबललाही हेच करा, बॅटरीपासून सोलेनॉइडच्या बोल्टपर्यंत. सेल्फ दोन-तीनशे अँपिअर ओढतो. एवढ्या ओघापुढे टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशीही बांध घालते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवा, घासा, आवळा.

आता सहावा. सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून ट्रॅक्टर चालू करणारा माणूस गावात हुशार समजला जातो. तो उभा कुठे असतो, ते बघा: पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे. स्क्रूड्रायव्हर लावला की किल्लीचा आणि क्लचचा स्विच दोन्ही बाजूला पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पेट घेताच चालू लागतो, आणि मागचं चाक त्याच्याच अंगावर येतं. चाळीस-पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात भरतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. माणसं अशीच गेली आहेत, आणि ती अडाणी नव्हती, घाईत होती. क्लचचा स्विच बिघडला म्हणून त्याच्या दोन वायरी पिळून जोडणारेही याच वाटेवर आहेत.

सेल्फच दोषी ठरला तर काढायचा कसा? आधी मायनस टर्मिनल सोडा, बसवताना ते शेवटी लावा. प्लस आधी सोडलंत आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच बघत असतो. विडीही लांब ठेवा. वायरींना खुणा करा, मोबाइलवर फोटो काढा. शेवटचा बोल्ट सुटताना सेल्फखाली हात हवा. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो. आतून ऑइलने माखलेला निघाला तर बहुधा इंजिनाचं मागचं सील गळतंय. ते तसंच ठेवून नवा बसवला तर त्याचीही तीच गत होईल. भोकातून रिंगचे दात बघा, इंजिन हाताने फिरवून सगळीकडून बघा. इंजिन बंद होताना बहुधा ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच थांबतं, म्हणून झीजही तिथेच असते.

लगेच नवा घेऊ नका. कार्बन, बुश, सोलेनॉइड बदलून सेल्फ पुन्हा वर्षानुवर्षं चालतो; इलेक्ट्रिशियनकडून काढलेले जुने भाग मात्र मागून घ्या. आर्मेचर जळालं असेल तर नवा घ्या. दातांची संख्या, फिरण्याची दिशा आणि बोल्टची भोकं जुन्याशी ताडून मगच पैसे द्या. बसवण्याआधी टेकण्याची जागा घासून लख्ख करा, कारण करंट तिथूनच परत जातो. आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मिनिटभर थांबा, मग पुन्हा.

पेरणीला अजून अवकाश आहे. टूलबॉक्समधला तो टोक काळं पडलेला लांब स्क्रूड्रायव्हर आजच काढून घरात आणा, आणि त्याच्या जागी पॉलिश पेपर ठेवा.