फॅन आहात? मग दाखला द्या!

आवडती गायिका, आवडता खेळाडू यांच्यावरून कट्ट्यावर तासन्‌तास भांडता ना? त्यातला अर्धा तास विकिपीडियाला द्या. २००१ पासून हा ज्ञानकोश बिनपगारी हौशी मंडळींच्या जिवावर चालतो. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मेजर लीगमध्ये उतरला, १९९७ मध्ये सगळ्या संघांनी त्याचा ४२ नंबर निवृत्त केला, हे बेसबॉलवेडे तिथे नीट नोंदवून ठेवतात. आपलं काय? मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं. निदान नोंदी तरी बुडू नयेत!

पण तिथे फॅनगिरी चालत नाही. ‘महान’, ‘अजोड’ घरी ठेवा. साल सांगा, पुस्तकाचा नाहीतर वर्तमानपत्राचा दाखला द्या. कारण तिथली चूक उद्या कुणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये जशीच्या तशी उतरते. घाबरू मात्र नका. सरावाला ‘धूळपाटी’ आहे, प्रत्येक बदल ‘इतिहासा’त राहतो, चुकलेलं परत फिरवता येतं. कुणी तुमचं वाक्य खोडलं तर रुसू नका, चर्चापानावर विचारा. पुराव्यानिशी बोलायची ही सवय कट्ट्यावरही उपयोगी पडेल.