बत्तीस कशाचे?

चंडीगडच्या पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला नुसते 'बत्तीस' म्हटले की काम होते. हे बत्तीस पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर तितके पौंड. 1956 साली कायदा करून आपण पौंड आणि इंच मोडीत काढले. 2009 च्या वैध मापन शास्त्र कायद्यानेही वजनमापे मेट्रिकच असावीत असे बजावले. टायरमधला पौंड मात्र जागचा हलला नाही. शेजारच्या रुग्णालयात दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, हवामान खाते हेक्टोपास्कलमध्ये, तर कुकरच्या कंपन्या चौरस सेंटिमीटरला किलोच्या हिशेबाने. आणि हे सारे ज्या शहरात चालते, तिथेच 1962 पासून केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था उभी आहे!

आकडेमोड ही खरी अडचण नव्हेच. एक पीएसआय म्हणजे सुमारे 6.9 किलोपास्कल, बत्तीसचे झाले 220 किलोपास्कल, किंवा 2.2 बार. मोबाइल हे क्षणात सांगतो. पण दाब कशाच्या वर मोजला, हे मोबाइल विचारत नाही. टायरचा गेज बाहेरच्या हवेला शून्य धरतो, आणि त्या बाहेरच्या हवेचाच दाब चंडीगडला 14 पीएसआयच्या आसपास असतो. म्हणजे बत्तीसच्या टायरमध्ये प्रत्यक्षात 46 असतात.

चंडीगडला विमानातून उतरून मोटारीने सिमल्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी हे ध्यानात ठेवावे. चंडीगड सुमारे 320 मीटरवर, सिमला 2200 मीटरवर. वर बाहेरचा दाब जवळजवळ 20 किलोपास्कलने उतरतो, म्हणून हवेचा कणही न भरता गेज तीनेक पीएसआय जास्त दाखवतो. तापमान बारा अंशांनी घसरले तर त्यातले दोनेक पीएसआय परत जातात. तेव्हा हिशेब बराचसा आपोआप फिटतो. बिघडवतो तो घाटात तापलेल्या टायरची हवा 'जास्त झाली' म्हणून सोडून देणारा शहाणा. खाली मैदानी भागातल्या उन्हात त्याची गाडी कमी हवेवर धावते.

हवामान खात्याच्या आकड्यातही अशीच मेख आहे. नकाशावरचा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. चंडीगडसाठी त्यात सुमारे 37 हेक्टोपास्कल मिळवलेले असतात. तो आकडा घरच्या दाबमापकाशी जुळला नाही, तर दोष कोणाचाच नाही.

रक्तदाबाचे तेवढे मिलिमीटर राहू द्यावेत. मिनामाटा करारामुळे पाऱ्याची उपकरणे मागे पडत आहेत, तरी 120/80 हा आकडा डॉक्टर-रुग्ण दोघांच्या तोंडी आहे. त्याचे 16/10.7 किलोपास्कल करून केवळ गोंधळ वाढेल. नियमाच्या हट्टापायी जिवाशी खेळ नको.

पंपाला अशी सबब नाही. हवेच्या यंत्रावर पीएसआयच्या जोडीने किलोपास्कलचा आकडा असावा आणि 'गेज दाब, टायर थंड असताना' एवढे पाच शब्द ठळक लिहावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे. ते निघेपर्यंत वाचकांनी चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरची चिठ्ठी वाचावी आणि हवा गाडी निघण्यापूर्वीच तपासून घ्यावी.