केसपेपर स्वस्त, वारी महाग



दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपरला किती पैसे पडतात ते सगळ्यांना पाठ आहे. त्या खिडकीपर्यंत पोचायला किती पडतात, हा हिशोब कोणी मांडत नाही. जतहून सांगली काय, म्हसवडहून सातारा काय, अंतर 80-90 किलोमीटरच्या घरात. उमदीकडच्या माणसाला त्याहून जास्त.

सरकार म्हणेल, एसटी आहे. आहे खरी. 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून फुकट, बायांना 2023 पासून अर्धं तिकीट. पण खुब्याचं हाड मोडून उठलेली माझी आई फाट्यापर्यंत चालणार कशी आणि एसटीची पायरी चढणार कशी? 108 ची गाडी 2014 पासून आहे, ती तातडीच्या रुग्णाला. तपासणीच्या तारखेला नाही. फुले जनआरोग्य योजना दाखल झालेल्यांची. ओपीडीतला माणूस कशातच बसत नाही.

म्हणून जीप ठरवली. पहाटे पाचला निघालो. 3200 रुपये भाडं. जीपवाला लुटारू नाही, डिझेल आहे, त्याची दिवसभराची खोटी आहे. रांगेतून डॉक्टरांपर्यंत पोचायला साडेअकरा वाजले. त्यांनी फोटो काढायला सांगितला. फोटो हातात आला तेव्हा ओपीडी बंद. "परवा या."

डॉक्टरांवर माझा राग नाही, एका माणसासमोर केवढी गर्दी! पण "परवा या" हा शब्द शहरातल्या रुग्णाला रिक्षाभाड्याएवढा, आम्हाला पुन्हा 3200. दोन वाऱ्यांचे 6400. मालदांडीचा 2025-26 चा हमीभाव 3749 रुपये; म्हणजे जवळपास पावणेदोन क्विंटल शाळू नुसती रस्त्यात गेली. तीही हमीभावाने विकली तर. कोणाची विकली असेल त्याने हात वर करावा.

आम्ही फुकट गाडी मागत नाही. केसपेपरवर गाव लिहिलेलं असतंच. ते वाचा, लांबच्या तालुक्याचा रुग्ण आधी घ्या, त्याचा फोटो आणि तपासणी एकाच दिवशी उरका. जत, आटपाडी, दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयात हाडाच्या डॉक्टरची वारी ठरवून द्या आणि ती पाळा. एक डॉक्टर इकडे येणं स्वस्त, की पन्नास जीपा तिकडे जाणं?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने वर्षभराच्या वाऱ्या चिठ्ठीवर लिहून आणाव्यात. गाव, तारीख, गाडीभाडं, आणि काम झालं की परत पाठवलं. चिठ्ठ्या एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.