जुना ट्रक, नवा ॲक्सल आणि दोन स्टेपन्या

'हे सगळं फेकून देऊ आणि नव्यानं लिहू' हे वाक्य मी नोकरीच्या सहा वर्षांत किती मीटिंगांमध्ये ऐकलं असेल याची गणती नाही. बोलणारा बहुतेक वेळा टीममध्ये नवा असतो आणि त्यानं जुना कोड पूर्ण वाचलेला नसतो. आता हेच वाक्य मी शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये ऐकतोय. फरक एवढाच की इथे फेकायचा आहे तो १९५० सालच्या शेवरोले ३१०० पिकअपचा मागचा ॲक्सल. माझं मत कुणी विचारलेलं नाही, म्हणूनच सविस्तर लिहितो.

ट्रक आहे आमच्या घरमालकांचा. (ऑनसाइट येऊन अमेरिकेत तळघरात भाड्यानं राहणाऱ्या प्राण्याला घरमालकाच्या छंदात सहभागी व्हावंच लागतं.) आजोबा ७८ वर्षांचे, ट्रक त्यांच्याहून थोडा लहान की मोठा यावर घरात वाद आहेत. नातवाला आता तो ट्रक रोज कामावर न्यायचाय. तीस मैल, त्यातले बरेचसे इंटरस्टेटवर. आणि ट्रकच्या तक्रारी तीन: वेग घेतला की मागून हुंकार येतो, मागचं उजवं चाक ब्रेक धरत नाही, आणि साठ मैलांच्या वेगाला इंजिन अक्षरशः ओरडतं. नातवानं निदान केलं, ॲक्सल गेला. उपायही ठरवून टाकला. भंगारातून १९९५ नंतरच्या फोर्ड एक्स्प्लोररचा ॲक्सल आणायचा. तो मजबूत असतो, त्याला डिस्क ब्रेक असतात, आणि अमेरिकेतले जुन्या गाड्यांचे निम्मे हौशी तोच घालतात. माझा कोल्हापूरचा रूममेटही त्याच्याच बाजूनं. "अरे, नवीन टाकून मोकळं व्हायचं, कुठे त्या म्हाताऱ्या लोखंडात वेळ घालवतोस?"

आता जरा खाली वाकून बघू.

पहिली गोष्ट, साठच्या वेगाला ओरडणं हा बिघाड नाही, ते गणित आहे. या ट्रकच्या डिफरन्शियलचा रेशो ४.११, म्हणजे ड्राइव्हशाफ्टचे ४.११ फेरे तेव्हा चाकाचा एक. टायर साधारण २८ इंचांचं धरलं तर मैलाला ७२० फेरे होतात. साठ मैलांच्या वेगाला मिनिटाला एक मैल, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन २९६० आरपीएमवर. आणि इंजिन कुठलं? २१६ क्युबिक इंचांचं, सहा सिलिंडरचं, ९२ हॉर्सपॉवर, तीही ३४०० आरपीएमला. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना आजच्यासारखं पंपाच्या दाबानं ऑइल मिळत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला छोटे चमचे असतात, ते ऑइल उडवतात आणि त्यावर सगळं चालतं. शेतातून गावात जायला उत्तम. त्याला रोज अर्धा तास तीन हजारावर पळवणं म्हणजे आजोबांना मॅरेथॉनला उभं करणं.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ही मला सगळ्यात आवडली, कारण हा शुद्ध डीबगिंगचा किस्सा आहे. उजव्या चाकाचा ड्रम उघडला तर ब्रेक लायनर ऑइलनं भिजलेले. म्हणजे ॲक्सलचं सील गेलं, बरोबर? हो, पण का गेलं? या ट्रकचा ड्राइव्हशाफ्ट उघडा नसतो. तो एका जाड नळीत बंद असतो, तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. नळीचं मागचं टोक ॲक्सलला बोल्टनं पक्कं, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे एका गोळ्यात फिरतं. तिथलं बुश आणि सील झिजलं की गिअरबॉक्सचं ऑइल नळीतून हळूहळू मागे डिफरन्शियलमध्ये उतरतं. तिथे पातळी वाढली की ते ॲक्सलच्या टोकांनी बाहेर पडतं आणि ब्रेकवर येतं. पुरावा हवा असेल तर दोन्हीकडचे फिलर प्लग उघडा. आम्ही उघडले. गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी, आणि डिफरन्शियलमधून मात्र प्लग काढताच धार लागली! एरर मागच्या चाकाला, बग चार-पाच फूट पुढे. नुसतं चाकाजवळचं सील बदललं असतं तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

उरला हुंकार. तो मात्र खराच ॲक्सलचा. पिनियनच्या बेअरिंगला खड्डे पडले होते.

आता एक्स्प्लोररचा ॲक्सल घालायचा तर काय काय करावं लागतं ते बघा. त्याला टॉर्क ट्यूब जोडता येत नाही, म्हणजे उघडा ड्राइव्हशाफ्ट हवा. त्यासाठी उघड्या शाफ्टचा गिअरबॉक्स हवा. म्हणजे ॲक्सल बदलायला निघालात आणि गिअरबॉक्स बदलून आलात. मग योग्य लांबीचा शाफ्ट बनवून बॅलन्स करायचा. ॲक्सलवरच्या जुन्या बैठका कापून या ट्रकच्या पाट्यांच्या मापाने नव्या वेल्ड करायच्या, तेसुद्धा ट्रकचं वजन चाकांवर असताना पिनियनचा कोन मोजून. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा कोन जुळला नाही तर क्रॉस जॉइंट थरथरतात. शिवाय एक्स्प्लोररचं डिफरन्शियल बरोब्बर मध्यावर नसतं, ते उजवीकडे सरकलेलं असतं. हँडब्रेकच्या केबली नव्या. आणि चाकं! शेवरोलेला सहा स्टड, फोर्डला पाच. पुढे सहा, मागे पाच. म्हणजे दोन स्टेपन्या घेऊन हिंडा, नाहीतर पुढचंही बदला.

पुढचं बदलाच, असं मी म्हणेन. कारण खरा धोका तिथे आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. नवा रेशो लावून ट्रक आरामात सत्तरनं धावायला लागला तर तो थांबवायचा कुणी? ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, मोठं काम पुढच्या चाकांना करावं लागतं, आणि तिथे तेच १९५० चे ड्रम. मास्टर सिलिंडरही एकेरी. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. मागे चकचकीत डिस्क लावून पुढे हे ठेवणं हे मला तरी भीतीदायक वाटतं. स्वॅपला माझा विरोध नाही. ज्याला खरंच रोज इंटरस्टेटवर जायचंय त्यानं ॲक्सल, गिअरबॉक्स, पुढचे डिस्क, दुहेरी मास्टर सिलिंडर असं सगळं करावं. अर्धवट केलेला स्वॅप मात्र मूळ ट्रकपेक्षा वाईट.

'ओरिजिनल ठेवा' म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींशीही माझं जमत नाही. मधला रस्ता आहे: हाउसिंग जुनंच ठेवायचं आणि आतला क्राउन-पिनियनचा जोड ३.५५ चा घालायचा. तो या ट्रकसाठी नवा बनवलेला मिळतो. साठला इंजिन २९६० वरून साडेपंचवीसशेवर येतं. आजोबांची शंका रास्त होती, "लाकडं भरून चढ कसा चढणार?" पण त्यांच्या ट्रकला फोर-स्पीड गिअरबॉक्स आहे आणि त्याचा पहिला गिअर ७.०५ चा. तो एरवी कुणी वापरतही नाही. चढाला तो कामी येईल.

हे काम सोपं नाही बरं का. पिनियनची खोली शिम घालून जमवायची, दातांमधली फट डायल गेजनं इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची, दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मधोमध येतोय का बघायचं. नसेल तर सगळं काढा, शिम बदला, पुन्हा. आमचे दोन रविवार यात गेले आणि नातवाचा चेहरा रिग्रेशन टेस्टिंग करणाऱ्या फ्रेशरसारखा झाला. पण चौथ्या वेळी ठसा बरोबर पडला तेव्हा आजोबांना फोन करून त्यानंच बोलावलं.

पुढचं सील, बुश, पिनियनची बेअरिंगं, चाकाजवळची सीलं, लायनर सगळं नवं झालंय. दुहेरी मास्टर सिलिंडर पुढच्या महिन्यात. तो लागेपर्यंत इंटरस्टेट बंद, असं आजोबांनी बजावलंय आणि नातू कुरकुरत का होईना मागच्या रस्त्यानं जातोय. स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावर चालतो, त्याला रेशो बदललेला माहीतच नाही. त्याचं नवं गिअर अजून आलेलं नाही, म्हणून डॅशबोर्डवर आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: ५० दिसले की ५८ समज.