गोळी कोणती, हा अर्धाच प्रश्न

परवा शिवाजी पेठेतल्या एका पालकाने विचारले, "वकीलसाहेब, शाळेत जंताची गोळी देत्यात ती चांगली, का मेडिकलातली?" शासन फुकट देते म्हणजे माल हलका असणार, हा संशय त्यामागे होता. तो दूर केला पाहिजे. आणि गोळी वाटून शासनाची जबाबदारी संपते काय, हेही तपासले पाहिजे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयोगटाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, दोन वर्षांखालील बालकाला अर्धी. याशिवाय मेबेंडाझोल आणि पायरँटेल ही औषधेही प्रचलित आहेत. या औषधांच्या निरनिराळ्या देशांतील चाचण्यांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. एका मात्रेत गोल जंत बरे होण्याचे प्रमाण अल्बेंडाझोल व पायरँटेलने ८८ टक्के, तर मेबेंडाझोलने ९५ टक्के आढळले. येथे फार फरक नाही. परंतु अंकुशकृमी म्हणजे हुकवर्मवर अल्बेंडाझोलचा गुण ७२ टक्के, पायरँटेलचा ३१ आणि मेबेंडाझोलचा अवघा १५! चाबूककृमीवर मात्र अल्बेंडाझोल २८ आणि मेबेंडाझोल ३६ टक्के, म्हणजे एका मात्रेत दोन्ही अपुरी.

तेव्हा शाळेतली गोळी हलकी नाही. उलट योग्य आहे. कारण अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो आणि माणसाला पंडुरोगी करतो. मुलांना ती गोळी अवश्य घेऊ द्यावी.

पण हा अंकुशकृमी शरीरात शिरतो कोठून? त्याच्या अळ्या मलाने दूषित झालेल्या ओल्या मातीत वाढतात आणि मुख्यतः अनवाणी पायाच्या कातडीतून आत जातात. अनवाणी पायांनी गटार उपसणारे, उकिरडा चिवडणारे, दुसऱ्याच्या ओल्या शेतात राबणारे पाय कोणाचे आहेत? ही कामे कोणत्या जातींच्या माथी मारली गेली, हे या वाचकांना नव्याने सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने चहामळ्यांतील व खाणींतील प्रौढ कामगारांनाही जोखमीच्या गटात गणले आहे. आपला जंतनाशक दिन मात्र वय पाहतो, काम पाहत नाही. गटारात उतरणारा चाळीस वर्षांचा कंत्राटी सफाई कामगार त्या यादीत बसतच नाही.

दुसरी गोष्ट अशी की, गोळी पोटातले जंत मारते, मातीतले नाही. माती तशीच राहिली तर तोच कृमी पुन्हा त्याच पायातून शिरतो. म्हणूनच गोळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. याउलट नारूचे उदाहरण पाहा. नारूवर जंत मारणारे औषधही नव्हते, लसही नव्हती. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे एवढ्यावर तो हटला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. औषध नसलेला नारू गेला आणि औषध असलेले जंत राहिले! यातून काय शिकायचे, ते उघड आहे.

लोकांचे आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. रतलामच्या नगरपालिकेने उघडी गटारे आणि शौचालयांच्या प्रश्नावर पैसे नसल्याची सबब सांगितली, तेव्हा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. ते प्रकरण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली उभे राहिले होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी त्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

म्हणून पेठेतल्या त्या पालकाला माझे उत्तर असे आहे. शाळेतली गोळी मुलाला निःशंकपणे द्या. मात्र वस्तीतले गटार उघडे असेल, सार्वजनिक शौचालय तुंबलेले असेल, सफाई कामगाराच्या पायात गमबूट नसतील, तर महापालिकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या आणि त्यावर कारवाई झाली नाही तर ती पोच घेऊन दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहा. गोळी शासन स्वतः आणून देते. गटार मात्र भांडल्याशिवाय झाकले जात नाही.