नोंद झाली, दुरुस्ती राहिली: पायथॉनमधील एका दोषाची अठरा वर्षे

१. इतिहासप्रेमी मित्रहो, आजचा धागा गडकोटांचा किंवा लढायांचा नाही. एका संगणकभाषेतील एका दोषाचा आहे. हा दोष ऑगस्ट २००७ मध्ये नोंदवला गेला. त्यावरची खरी दुरुस्ती २०२३ मध्ये आली आणि ती आपोआप लागू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडले. मधल्या सर्व काळात दोष उघड्यावर होता, त्याला क्रमांक होता, त्याविषयी लिहिलेले कोणालाही वाचता येत होते. तरीही तो का टिकला, हा या धाग्याचा प्रश्न.

२. पार्श्वभूमी थोडक्यात. पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना घडवली. ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. ती मुक्तस्रोत आहे. तिचे अंतरंग कोणीही वाचावे, दोष आढळल्यास नोंदवावा, जमल्यास दुरुस्तीही सुचवावी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिच्यावरची चर्चा जाहीर राहते. अस्सल कागदांचे महत्त्व जाणणाऱ्याला हे दफ्तर म्हणजे पर्वणीच: तारीखवार आणि बोलणाऱ्याच्या मूळ शब्दांत.

३. आता दोषाचे मूळ. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर ‘टार’ नावाचे साधन आले. हे नाव ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून पडले. अनेक फाइली एका गाठोड्यात बांधायच्या आणि चुंबकीय फितीवर साठवायच्या, हे त्याचे काम. प्रत्येक फाइलीसोबत तिचा मार्गही गाठोड्यात लिहिला जाई आणि गाठोडे सोडताना फाइल त्या मार्गावर ठेवली जाई. फीत भरणारा आणि उघडणारा बहुधा एकच माणूस, निदान एकाच संस्थेतला. तेव्हा अविश्वासाला कारण नव्हते.

४. इंटरनेट आले आणि अनोळखी लोकांची गाठोडी आपल्या संगणकावर येऊ लागली. मार्गामध्ये सलग दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर जा’. दुष्ट हेतूने बांधलेल्या गाठोड्यात अशा पायऱ्या रचल्या, की फाइल आपण नेमून दिलेल्या फोल्डरात न थांबता भलतीकडे जाऊन पडते आणि तिथली मूळ फाइल पुसूनही टाकते. पाहुण्याला ओसरीवर बसवावे आणि त्याने न विचारता माजघरातल्या तिजोरीला हात घालावा, तसा हा प्रकार.

५. पायथॉनमध्ये अशी गाठोडी उघडणाऱ्या घटकाचे नाव ‘टारफाइल’. तो या पायऱ्या अडवत नाही, अशी तक्रार ऑगस्ट २००७ मध्ये आली. सुरक्षादोषांच्या सार्वजनिक नोंदवहीत तिला सीव्हीई-२००७-४५५९ हा क्रमांक मिळाला. चर्चेअंती निर्णय झाला तो असा: घटकाचे वर्तन पॉसिक्स या मानकाला धरून आहे, प्रत्यक्ष गैरवापर शक्य दिसत नाही, तेव्हा अविश्वासू ठिकाणची गाठोडी तपासल्याविना उघडू नयेत, एवढा इशारा माहितीपुस्तिकेत घालावा. इशारा घातला गेला. तक्रार मिटली.

६. इथे घाईने निवाडा करू नये. गतकाळाला त्याच्याच काळाच्या मोजपट्टीने मोजावे, हा आपला नियम. निर्णय घेणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. संपूर्ण संगणकाची प्रत ठेवणाऱ्याला असे मार्ग खरोखर लागतात. ते एकाएकी बंद केले असते तर अनेकांचे चालते काम मोडले असते. शिवाय अशा प्रकल्पांत पुष्कळ जण आपला फावला वेळ देऊन, मोबदल्याविना काम करतात.

७. पण समकालीन पुरावाच या बचावाला अपुरा ठरवतो. ग्नू प्रकल्पाच्या ‘टार’मधील हाच दोष त्याच नोंदवहीत २००१ च्या क्रमांकाने आधीच दाखल होता आणि दूरही झाला होता. पुढे २०१३ मध्ये, पायथॉनच्या २.७.४ या आवृत्तीत, झिप गाठोडी उघडणाऱ्या सख्ख्या भावंडाला असे मार्ग रोखण्याची शिकवण मिळाली. एकाच घरात एका दाराला कडी लागली, दुसरे उघडेच राहिले. ‘काळच तसा होता’ हे म्हणणे म्हणून टिकत नाही.

८. २०१४ मध्ये प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. सुरक्षित पर्याय कसा असावा यावर चर्चा झाली, प्रस्तावही आले. निर्णय मात्र लागला नाही. यात कोणाचे कारस्थान नव्हते. जे सर्वांचे काम असते ते कोणाचेच नसते, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला जुना अनुभव तिथेही खरा ठरला.

९. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाला दुसराच दोष तपासताना हा दोष दिसला. प्रथम वाटले, काही नवे हाती लागले. मग कळले, हा तर पंधरा वर्षांपूर्वीचाच! कंपनीच्या अंदाजानुसार साडेतीन लाखांहून अधिक मुक्तस्रोत प्रकल्पांना त्याची बाधा होती. पुढे तिने ६१ हजारांहून अधिक प्रकल्पांसाठी दुरुस्त्या तयार केल्या. आकडा कंपनीचा आहे आणि त्यातला प्रत्येक प्रकल्प अनोळखी गाठोडी उघडत असेलच असे नाही, हे साधनचिकित्सा म्हणून ध्यानात ठेवावे. तरी एक गोष्ट स्पष्ट होते: पुस्तिकेतला इशारा असंख्य लोकांनी वाचला नव्हता किंवा वाचून सोडून दिला होता.

१०. माझे मत येथे स्पष्ट मांडतो. माहितीपुस्तिकेतला इशारा ही दुरुस्ती नव्हे. ती जबाबदारीची बदली आहे. एका जागी, एकदा करायचे काम त्या इशाऱ्याने लाखो अनभिज्ञ प्रोग्रामरांच्या माथी मारले. त्यांतल्या प्रत्येकाने पुस्तिका वाचावी, धोका ओळखावा, स्वतःची तपासणी लिहावी आणि ती अचूक लिहावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. साधनाची सोपी वाट तीच सुरक्षित वाट असली पाहिजे.

११. अखेर २०२३ मध्ये पेट्र विक्टोरिन यांचा ‘पेप ७०६’ हा प्रस्ताव स्वीकारला गेला. त्याने गाठोडे सोडताना लावायच्या तीन चाळण्या दिल्या: सर्व काही जसेच्या तसे सोडणारी, धोकादायक मार्ग अडवणारी आणि केवळ साध्या माहितीसाठीची सर्वांत कडक. बदल टप्प्याटप्प्याने केला. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत चाळणी न निवडणाऱ्याला सूचना मिळू लागली. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये कडक चाळणी आपोआप लागू झाली. ज्याला जुने वर्तन हवे त्याने ते स्पष्टपणे मागावे. चालती कामे न मोडता दार लावता येत होते, हे यातून सिद्ध झाले.

१२. गोष्ट इथे गोड शेवटाने संपत नाही. त्या चाळणीतही फटी निघाल्या आणि जून २०२५ मध्ये त्या बुजवणाऱ्या आवृत्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या. फरक एवढाच, की या वेळी तक्रारदाराला पुस्तिकेकडे बोट दाखवून परत पाठवले नाही. दोष आपला आहे हे आधीच मान्य झाले होते. त्या मान्यतेला इतकी वर्षे लागली. बाकीचे काम मानाने लवकर झाले.

१३. मुक्तस्रोत जगात एक समजूत रूढ आहे, की पाहणारे पुष्कळ असले म्हणजे दोष लपत नाहीत. हा इतिहास तिला मर्यादा घालतो. येथे दोष लपलाच नव्हता. पाहणारे होते, पुढाकार घेणारा नव्हता. म्हणून माझी सूचना: जी तक्रार केवळ इशारा देऊन मिटवली जाते, तिच्यावर फेरविचाराची तारीख लिहावी. २००७ चा निर्णय एक वेळ क्षम्य होता. तो पंधरा वर्षे अंतिम मानला गेला, हे क्षम्य नाही.

१४. आणि तरीही त्या दफ्तराचे ऋण मानावे लागते. २००७ ची नोंद जपली गेली म्हणूनच २०२२ चा संशोधक ‘हे जुनेच आहे’ असे म्हणू शकला आणि विलंबाचा जाब विचारता आला. बंद दाराआडच्या प्रणालींत असा जाब विचारण्याची सोयही क्वचितच असते.

१५. तेव्हा मित्रहो, तुम्हांला एखाद्या मुक्तस्रोत साधनात दोष आढळला तर आधी जुन्या, मिटवलेल्या तक्रारी शोधा. आवृत्ती कोणती, काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले, हे नेमके लिहा. आणि उत्तरादाखल कोणी पुस्तिकेतल्या इशाऱ्याकडे बोट दाखवले, तर नम्रपणे सीव्हीई-२००७-४५५९ ची आठवण करून द्या.